आप्पांना ट्रायलमध्ये घालू का?

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. माझे वडील, आप्पा, ६३ वर्षांचे. शेती करतात. तंबाखू-चुन्याची सवय तरुणपणापासूनची. दीड वर्षापूर्वी गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग शेक दिले. आता मानेत पुन्हा गाठ आली आहे आणि या वेळी ऑपरेशन होणार नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी एका ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीबद्दल, विचारलं. तिसऱ्या टप्प्यातली आहे म्हणाले. नेहमीची औषधं सगळ्यांना मिळणार. त्यासोबत निम्म्या पेशंटना नवीन औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं सलाईन. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांनाही कळणार नाही. चोवीस पानांचा फॉर्म दिलाय. त्यात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलंय, ते पाहून आईला रडू आवरेना. सही कॅमेऱ्यासमोर करायची आहे. मामा म्हणतात, "हे आपल्याला उंदीर समजतात. असल्या प्रयोगांत दोन हजारांवर माणसं गेल्याचं पेपरात आलं होतं." सुरतचा भाऊ म्हणतो, "नवीन औषध फुकट मिळतंय, घेऊन टाका." गुरुवारी निर्णय सांगायचा आहे. गाठ परत आल्याचं आम्ही आप्पांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मानेला सूज आहे. सही मी केली तर चालेल का? आणि मुळात, करू का?

उत्तर

ताई,

सहीचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय बाकीच्यांना हात घालता येणार नाही. तुम्ही सही केलीत तर चालणार नाही. आप्पा शुद्धीवर आहेत, त्यांना सगळं समजतं, व्यवहार करतात. तेव्हा संमती त्यांचीच लागते. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीतच नसेल, तरच नियम घरच्या माणसाची सही धरतो. मुलगी शिकलेली आणि वडील शेतकरी, एवढ्यानं ती स्थिती येत नाही. आप्पांना वाचता येत नसेल, तर फॉर्म त्यांना समजेल अशा भाषेत पूर्ण वाचून दाखवावा लागतो. त्या वेळी ट्रायलशी संबंध नसलेला एक निःपक्ष साक्षीदार हजर लागतो आणि तोही सही करतो. पण ऐकायचं, विचारायचं आणि हो-नाही म्हणायचं ते आप्पांनीच.

म्हणजे आप्पांना सांगावं लागेल.

तुम्ही का सांगितलं नाही, ते मला कळतं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच होतं आणि ते प्रेमापोटीच होतं. पण जरा त्यांच्या जागी बसून बघा. या माणसाचं एकदा ऑपरेशन झालंय, पाच-सहा आठवडे रोज त्या मशीनखाली झोपून शेक घेतलेत, तोंड सोललेलं असताना पातळ पेजेवर दिवस काढलेत. आता मानेत गाठ हाताला लागते, मुंबईच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्यात, आई डोळे पुसत आत जाते. त्यांना काहीच अंदाज नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? मी वॉर्डात जी माणसं पाहिली, त्यातल्या बहुतेकांना ठाऊक असायचं. घरच्यांना त्रास नको म्हणून ती विचारायची नाहीत, आणि मग भीती एकट्यानं सोसायची.

तेव्हा गुरुवारची वाट पाहू नका. त्याच्या आधीच, घरी, सकाळच्या निवांत वेळी बोला. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच बोला. फार शब्द लागत नाहीत. "आप्पा, मानेतली गाठ आधीच्याच आजाराची आहे. आता ऑपरेशन नको म्हणताहेत. औषधं आहेत, पण कोणती घ्यायची ते तुम्हाला विचारायचं आहे." एवढं बोलून थांबा. ते रडतील, चिडतील किंवा गप्प बसतील, बसू द्या. किती दिवस उरलेत, हे त्यांनी विचारल्याशिवाय काढू नका आणि विचारलंच तर खोटा आकडा देऊ नका. "डॉक्टरांना दोघं मिळून विचारू" हे पुरेसं आहे. हे बोलणं तुम्हाला जमणारच नाही असं वाटलं, तर डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या समाजसेविकेला आधी फोन करून सांगा की त्यांना अजून माहीत नाही, तुम्ही सांगा, मी शेजारी बसते. त्यांना हे काम रोजचं आहे. काहीही करा, पण आप्पांना ही गोष्ट पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर फॉर्म वाचताना कळू देऊ नका.

आता "करू का" याकडे येते.

नवं औषध माणसाला देऊन बघायची पहिली पायरी अगदी थोड्या लोकांवर असते. किती मात्रा झेपते आणि काय अपाय होतो, एवढंच तिथे कळतं. दुसऱ्या टप्प्यात शंभर-दोनशे रुग्णांवर त्याचा काही गुण दिसतो का, ते पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो, कधी हजारो रुग्ण असतात आणि प्रश्न एकच असतो: आज आपण जे देतो, त्यापेक्षा हे खरंच बरं आहे का? म्हणजे आप्पांना विचारलेलं औषध अगदी पहिल्यांदा माणसाला दिलं जात नाहीये. त्याच्या अपायांची बरीचशी यादी तयार आहे आणि ती फॉर्ममध्ये असलीच पाहिजे. पण ते जास्त चांगलं आहे, हे अजून कोणालाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. माहीत असतं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना त्यापासून दूर ठेवायची परवानगीच मिळाली नसती.

तुमच्या भावाला नेमकं हे सांगायला हवं. नवीन म्हणजे सरस, असं त्यानं धरलंय. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या कॅन्सरच्या औषधांपैकी निम्म्याच्या आसपास तिथेच थांबतात. दुसऱ्या आजारांतही हेच दिसतं. हृदयविकारासाठी टॉर्सेट्रापिब नावाचं औषध होतं. ते 'चांगलं' कोलेस्टेरॉल झपाट्यानं वाढवायचं, सगळ्यांना मोठी आशा होती. सुमारे १५,००० लोकांवरची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध मिळणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. अल्झायमरवरच्या सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबली. औषध घेणाऱ्यांची स्मृती न घेणाऱ्यांपेक्षा जास्त घसरत होती.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उदाहरण अमेरिकेतल्या स्तनाच्या कॅन्सरचं आहे. १९९० च्या दशकात तिथे एक उपचार गाजला. केमोचे प्रचंड मोठे डोस द्यायचे आणि त्यानं अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, जळाली की बाईच्या स्वतःच्याच, आधी काढून ठेवलेल्या पेशी परत चढवायच्या. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत निकाल डोळे दिपवणारे होते. विमा कंपन्या पैसे द्यायला नकार द्यायच्या, कुटुंबं कोर्टात जायची आणि जिंकायची. हजारो बायकांनी हा उपचार ट्रायलच्या बाहेर घेतला. ट्रायलमध्ये यायला मात्र फारशा तयार होत नव्हत्या, कारण तिथे निम्म्यांना जुनाच उपचार मिळणार होता आणि जुना कोणाला हवा? त्यामुळे उत्तर मिळायला अनेक वर्षं लागली. १९९९ मध्ये एकदम अनेक ट्रायलचे निकाल आले: त्या उपचारानं आयुष्य वाढत नव्हतं. त्रास मात्र भयंकर होता आणि काही बायका त्या उपचारानंच गेल्या होत्या. फायदा दाखवणारी एकच ट्रायल उरली होती, दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. वर्नर बेझवोडा यांची. तपासनीस तिथे जाऊन कागदपत्रं पाहू लागले, तेव्हा ती खोटी निघाली आणि २००० मध्ये त्यांनी ते कबूल केलं. सुरुवातीचे निकाल इतके चांगले कसे दिसले होते? त्या उपचारासाठी निवडलेल्या बायका मुळातच जास्त धडधाकट होत्या. निवड माणसाच्या हातात राहिली की असं होतं, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणूनच ती कॉम्प्युटरकडे देतात. डॉक्टरांचाही विश्वास कोणत्या तरी एका बाजूला झुकतो आणि तो झुकाव निकालात उतरू नये, म्हणून त्यांनाही कळू देत नाहीत. अडीनडीला, आप्पांना एकाएकी काही गंभीर झालं तर, कोणत्या गटात आहेत हे उघडून बघायची सोय असते; त्यासाठी कोणता फोन करायचा ते विचारून ठेवा.

यावरून तिसरा टप्पा म्हणजे फुकाचा खटाटोप, असं समजू नका. आप्पांच्याच आजाराचं उदाहरण देते. तोंडाचा कॅन्सर लहान असतो, मानेत हाताला काही लागत नाही, अशा वेळी पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या लसिका ग्रंथी काढायच्या, की आजार तिथे पोचलेला दिसल्यावर काढायच्या? यावर सर्जन मंडळी अनेक दशकं भांडत होती. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ट्रायल केली. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब झाला, तेव्हा तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण आधीच ग्रंथी काढलेल्यांत ८० टक्के आणि वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के होतं. ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीनं तिथेच नवीन रुग्ण घेणं थांबवायला सांगितलं. २०१५ मध्ये निकाल छापून आले आणि तो वाद मिटला. दुसरी ट्रायल डॉ. राजेंद्र बडवे यांची. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन करण्याआधी गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे जागा बधिर करणारं अगदी स्वस्त इंजेक्शन द्यायचं. ११ केंद्रं, १,६०० बायका. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटातल्या ९०.१ टक्के आणि न दिलेल्यांतल्या ८६.४ टक्के बायका हयात होत्या. एवढा स्वस्त उपाय कोणती औषध कंपनी शोधायला निघाली असती? तो आपल्या सार्वजनिक रुग्णालयांनी शोधला आणि आपल्याच बायकांनी त्यासाठी नाव घातलं.

दोन्ही ट्रायलमध्ये निम्मी माणसं ज्या गटाचा निकाल कमी लागला त्यात होती. त्यांना कोणी फसवलं नव्हतं, कारण नाव घातलं त्या दिवशी उत्तर खरोखर कोणालाच माहीत नव्हतं. आज ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्या माणसाला जे बरं मिळतं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

तेव्हा निर्णय घेताना नव्या औषधाकडे बघूच नका. आप्पांचं नाव सलाईनच्या गटात आलंय, असं धरून चाला. सलाईनच्या गटात त्यांना "नेहमीची औषधं" मिळणार आहेत. ती नेहमीची औषधं ट्रायलच्या बाहेर त्यांना मिळाली असती तेवढी चांगली आहेत का? आणि त्या गटात आलो तरी जास्तीच्या तपासण्या, जास्तीच्या फेऱ्या सोसायची आप्पांची तयारी आहे का? दोन्हीचं उत्तर "हो" असेल तर ट्रायलमध्ये जावं. पहिल्याचं "नाही" असेल तर नवं औषध कितीही मोहात पाडणारं असो, जाऊ नये.

म्हणून गुरुवारी डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न हा: "नेहमीची औषधं म्हणजे नेमकी कोणती? आम्ही ट्रायलला नाही म्हटलं, तर तुम्ही आप्पांना आज काय द्याल?" इथे थोडी माहिती हाताशी ठेवा. आप्पांसारख्याच, म्हणजे डोक्या-मानेचा कॅन्सर परतलेल्या आणि ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांवर टाटामध्ये आणखी एक तिसऱ्या टप्प्यातली ट्रायल झाली. तिचा निकाल २०२२ च्या अखेरीस आला. तोंडानं घ्यायची तीन औषधं, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, सगळ्यांना दिली; त्यातल्या निम्म्यांना त्यासोबत निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारं महाग औषध, पण फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी. एकूण १५१ रुग्ण होते. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते आणि थोडंसं निवोलुमॅब मिळालेल्यांत ४३.४ टक्के. हे आकडे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, मला कल्पना आहे. पण ते तुम्हाला माहीत असायला हवेत, कारण त्यातून एक नेमका प्रश्न निघतो: या ट्रायलमधल्या नेहमीच्या औषधांत असं काही आहे का? नसेल तर का नाही, आणि आप्पांना ते ट्रायलच्या बाहेर परवडेल अशा रीतीनं मिळू शकतं का? प्रत्येक रुग्णाला ते चालतंच असं नाही. शेक संपून किती काळ झाला, आधी कोणतं केमो झालंय, किडनी-लिव्हर कसं आहे, यावर ते ठरतं. पण समाधानकारक उत्तर मिळालंच पाहिजे. चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. रागावला, तर तेही तुम्हाला काहीतरी सांगून जातं.

मामांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांनी वाचलेला आकडा खरा आहे. २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसं गेली, असं सरकारनंच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचं सरकारनं मानलं. बाकीचे आजारानं झाले, असं म्हटलं गेलं, आणि कॅन्सर-हृदयविकारासारख्या आजारांत माणसं औषधाविनाही जातात हे खरंच आहे. पण तेव्हा त्या मृत्यूंची छाननी नीट होत होती, असं मी म्हणणार नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं याचिका केली होती. गरीब माणसांना काय चाललंय ते न सांगता चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी तीत होत्या. न्यायालयानं २०१३ मध्ये सरकारला धारेवर धरलं आणि त्यानंतर नियम बदलले. आज लागू आहेत ते २०१९ चे. मामांचा राग ज्या दिवसांचा आहे, त्या दिवसांतूनच तुमच्या हातातला फॉर्म तयार झालाय.

आईंना हे जरूर सांगा. वारसाचं नाव विचारतात ते आप्पा जाणार आहेत म्हणून नाही. चाचणीमुळे काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला द्यायची हे आधीच लिहून ठेवावं, अशी सक्ती आहे. बँकेत खातं उघडताना आपण नाव लिहितो, तेवढ्याच शांतपणे आईंचं नाव लिहा. उत्पन्नाच्या रकान्याचीही भीती नको. मृत्यूच्या भरपाईच्या सूत्रात उत्पन्न धरत नाहीत. ८ लाखांची मूळ रक्कम धरून वय आणि आजाराची गंभीरता यांनुसार आकडा वर-खाली होतो. एक मात्र लक्षात असू द्या. ही भरपाई चाचणीमुळे झालेल्या अपायाची असते. आजार आपल्या वाटेनं वाढला, तर ती लागू होत नाही. चाचणीदरम्यान इजा झाली, तर वैद्यकीय उपचार मात्र फुकट द्यावे लागतात. गंभीर काही घडलं, तर डॉक्टरांना ते २४ तासांत औषध नियंत्रकाला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे चाचणीतल्या माणसांचं हित जपणाऱ्या समितीला, कळवावं लागतं.

कॅमेराही त्या न्यायालयीन लढ्यातूनच आला. नव्या रसायनाची चाचणी असेल आणि सहभागी माणूस दबावाला बळी पडू शकेल अशा स्थितीतला असेल, तर समजावून सांगण्याचं आणि संमतीचं चित्रीकरण लागतं. ते आप्पांच्या बाजूचा पुरावा आहे. त्यामुळे कॅमेरा चालू असताना संकोच न करता विचारा, दोनदा विचारा, "नाही समजलं" असं म्हणा.

एथिक्स कमिटीबद्दल दोन शब्द. मी स्वतः एका रुग्णालयाच्या अशा कमिटीवर काही वर्षं काम केलंय. तिथे किमान सात माणसं लागतात. त्यात एक कायदा जाणणारी, एक सर्वसामान्य नागरिक, किमान एक स्त्री; आणि निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे. आमच्याकडे सगळ्यात उपयोगी प्रश्न बहुतेक वेळा त्या सर्वसामान्य सदस्याकडून यायचे. "हे वाक्य माझ्या आईला कळणार नाही," असं म्हणून त्या पानंच्या पानं परत लिहायला लावायच्या आणि आम्ही डॉक्टर मंडळी निमूट लिहायचो. तुमच्या फॉर्मवर कमिटीचा फोन नंबर असेल. तो शोभेसाठी नसतो. डॉक्टरांना विचारायला अवघड वाटेल ते तिथे विचारा.

एक काम तुम्ही आजच मोबाइलवर करू शकता. आपल्या देशातली प्रत्येक अशी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवावी लागते. २००९ पासून ही सक्ती आहे. फॉर्मवरचा नोंदणी क्रमांक तिथे टाका. चाचणी कोणत्या टप्प्यातली, पैसे कोणाचे, कोणकोणत्या रुग्णालयांत चालू आहे आणि कमिटीची परवानगी आहे का, हे सगळं फुकट दिसतं. इंग्रजीत आहे, पण तुम्हाला जमेल. क्रमांक सापडलाच नाही, तर पुढे बोलणंच नको.

पैशाचं स्पष्ट बोलते. कंपनीची ट्रायल असेल, तर रुग्णालयाला प्रत्येक रुग्णामागे पैसे मिळतात. त्यात बेकायदेशीर काही नाही. नर्स, तपासण्या, कागदपत्रं यांचा खर्च असतोच. पण हे तुम्हाला माहीत असावं. "फुकट" हा शब्दही तपासून घ्या. चाचणीचं औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. नेहमीची औषधं, बेडचे पैसे, मध्येच ताप येऊन ॲडमिट व्हावं लागलं तर त्याचं बिल, हे कोण भरणार? महात्मा फुले योजनेत आप्पांचे उपचार चालू असतील, तर ट्रायलमध्ये गेल्यावर ते तसेच चालू राहतील का? दर तीन आठवड्यांनी चाळीसगाव-मुंबई करायचं, सोबत एक माणूस, एखादी रात्र मुक्काम. प्रवासखर्च देतात का आणि किती? कर्करुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेत सवलत मिळते, तिचं प्रमाणपत्र रुग्णालयाकडून मागून घ्या. फॉर्ममध्ये कोणत्या आठवड्यात काय तपासणी, याचा तक्ता असतो. तो पेरणी-काढणीच्या दिवसांशी ताडून बघा. सोबत कोण जाणार? तुमची शाळा आहे, भाऊ सुरतला. हा प्रश्न लहान वाटतो, पण मधूनच ट्रायल सोडणारी माणसं मी पाहिली, ती बहुधा औषधाच्या त्रासापेक्षा प्रवासाला कंटाळलेली होती.

सोडता येतं, हेही आप्पांच्या कानावर घाला. कोणत्याही दिवशी, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. फक्त गुपचूप जाणं थांबवू नका. सांगून थांबा, कारण काही औषधं एकदम बंद केलेली चालत नाहीत. आणि उलट बाजूनं, औषध लागू पडलं आणि ट्रायल संपली तर पुढे काय, हेही आत्ताच विचारा. डॉक्टरांनी शिफारस केली, दुसरा पर्याय नसला आणि कमिटीनं मान्य केलं, तर कंपनीनं औषध फुकट चालू ठेवायची तरतूद नियमांत आहे. त्याबद्दल फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते शोधा. सापडलं नाही तर विचारा.

गुरुवारच्या घाईला मात्र मान देऊ नका. आजार वाढतोय, त्यामुळे महिनाभर विचार करत बसायला वेळ नाही हे खरं. पण आप्पांना कालच कळलं आणि आज सही, असं होत असेल तर चार दिवस मागून घ्या. तो त्यांचा हक्क आहे. सही झालेल्या फॉर्मची प्रत घरी आणायची, हेही विसरू नका. सहीनंतर रक्त, स्कॅन वगैरे तपासण्या होतात आणि त्यात काही बसलं नाही तर ट्रायलमध्ये घेतच नाहीत. असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. आप्पांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल की आता आपल्यात काही उरलंच नाही.

तुमच्या पत्रावरून माझा कल "हो"कडे आहे, पण दोन अटींवर. आप्पांना आजार परतल्याचं कळलेलं असावं आणि त्यांनी स्वतः हो म्हणावं. आणि नेहमीच्या औषधांबद्दलचं डॉक्टरांचं उत्तर तुम्हाला पटावं. यातली एक जरी अट पुरी झाली नाही, तरी निःसंकोच नाही म्हणा. आप्पा म्हणतील, "तू म्हणशील तसं." तेव्हा त्यांना विचारा, सलाईनच मिळालं तर चालेल का, इतक्या फेऱ्या झेपतील का, पिकाच्या दिवसांत घर सोडवेल का. या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडेच आहेत.

आणि ट्रायल घ्या किंवा न घ्या, त्याच गुरुवारी वेदनाशमन विभागाचा, ज्याला तिथे पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, कागद लिहून घ्या. मानेतली गाठ दुखायला लागते, गिळताना अडतं, झोप जाते. त्यावर चांगली औषधं आहेत, तोंडानं घ्यायचं मॉर्फिनही आहे. आप्पांना ते वेळेवर मिळणं कोणत्याही गटावर अवलंबून नाही. हा विभाग शेवटच्या दिवसांसाठीच असतो, असा समज आहे; तो धरू नका. सोबत महिन्याभराची औषधं आणि चाळीसगाव-जळगावच्या जवळपास पुढची औषधं कुठे मिळतील याचा पत्ता, दोन्ही घेऊनच परतीच्या गाडीत बसा.